उत्तर क्रमांक एक

"जोडते आहे. ही आपलीच का?"

मेलच्या माथ्यावर असं लिहिलेलं होतं. सहीबाईंनी चष्मा सावरला आणि खालचा मजकूर वाचायला घेतला. प्रिय ग्राहक, आपल्या खात्यात संशयास्पद हालचाल आढळली आहे, चोवीस तासांत पडताळणी न केल्यास खाते बंद होईल, खालील निळ्या ओळीवर क्लिक करा. बँकेचं चिन्ह जागच्या जागी होतं, रंगसुद्धा बरोबर उतरला होता. सहीबाईंनी त्या निळ्या ओळीवर माउसचा बाण नुसता नेऊन ठेवला, दाबला नाही. तसं केलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ओळीमागचा खरा पत्ता उमटतो. तो उमटला. त्यात बँकेचं नाव होतं, पण एका अक्षराच्या जागी आकडा बसवलेला आणि मागे भलतंच शेपूट. पाठवणाऱ्याचा पत्ताही त्याच वळणाचा, पुढून बँक आणि मागून चोर.

त्यांनी उत्तर क्रमांक एक निवडलं, आणि पाठवण्याआधी, कधी नव्हे ते, माथ्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. प्रश्नाखाली आणखी काहीतरी होतं.

"ता. क. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पलीकडचा फार घाई करायला लागला की आम्ही आधी लाइन तपासायचो. म्हणून विचारलं."

सहीबाईंना हसू आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळे ते आलं तसंच विरून गेलं.

बँकेच्या मुख्य कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागे त्यांचं टेबल होतं. भिंतीवर 'संशयित मेल कक्ष' अशी पाटी होती. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक कंप्युटर आणि सहीबाई. चोरांच्या मेलांमधून एखादा रोग बँकेत शिरू नये म्हणून तो कंप्युटर बाकीच्यांपासून तोडून ठेवलेला होता. वाळीत टाकलेला कंप्युटर, असं सगळे गमतीनं म्हणत. त्याच्याबरोबर आपणही वाळीत पडलो आहोत, हे सहीबाई कुणाला बोलून दाखवत नसत. दुसऱ्या खुर्चीवर त्या आपली पिशवी ठेवत.

खातेदारांना एखाद्या मेलचा संशय आला की ते ती इथे पाठवत. दिवसाला दीडशे-दोनशे येत. उत्तरं तीनच, वरून ठरवून आलेली. क्रमांक एक: सदर संपर्क आमच्या बँकेकडून करण्यात आलेला नाही, बँक मेल किंवा फोन करून आपली माहिती कधीही विचारत नाही, शंका आल्यास पासबुकावरील क्रमांकावर स्वतः फोन करावा, आपण दाखवलेल्या सावधगिरीबद्दल आभार. क्रमांक दोन: सदर संपर्क आमच्याच बँकेचा आहे. क्रमांक तीन: खात्रीने सांगता येत नाही, कृपया शाखेत चौकशी करावी. खाली कुणाचं नाव नाही. पदरचा एकही शब्द घालायची परवानगी नव्हती.

सहीबाई हे नाव त्यांना तळघरात मिळालं होतं. बावीस वर्षं त्यांनी तिथे बसून चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या. खरी सही कुणी काढत नाही, ती माणसाच्या हातून सांडते, हे त्यांना तिथे कळलं. खोटी सही मात्र काढलेली असते. सावकाश, जपून, मध्येच श्वास घेऊन. चेक आटत गेले तसं तळघर रिकामं झालं, आणि एक दिवस साहेबांनी त्यांना वर बोलावून हे टेबल दाखवलं. साहेब वयानं त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस समजूतदार. खरं-खोटं ओळखायचंच काम आहे, तुम्हाला त्यात नवीन काय, असं ते म्हणाले. सहीबाईंनी मान डोलावली. पण सहीत हात दिसायचा. इथे हात दिसत नव्हता.

घरीही फारसं कुणी दिसत नव्हतं. आईवडील लवकर गेले. पाठचा भाऊ सात वर्षांचा होता, त्याला लहानाचा मोठा करण्यात लग्नाचं वय कधी निघून गेलं ते सहीबाईंना कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्याचं वाईट वाटायलाही उशीर झाला होता. भाऊ शिकला, संसाराला लागला, दूरच्या शहरात गेला. आधी रविवारी फोन करायचा. मग फोनऐवजी रोज सकाळी मोबाइलवर फुलाचं चित्र यायला लागलं, वर 'शुभ सकाळ'. तेच फूल तो आणखी शंभर जणांना पाठवत असणार, हे सहीबाईंना ठाऊक होतं. तरी त्या ते उघडून बघत.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यापाशी पहारेकऱ्याला "येते" म्हटलं की पुढचा शब्द सोमवारी. सोमवारी सकाळी पहिलं वाक्य धड फुटत नसे. घसा खाकरून, पाणी पिऊन, गंजलेल्या नळासारखा आवाज आधी थोडा वाहू द्यावा लागे.

त्या पहिल्या मेलनंतर ऑपरेटरबाईंच्या मेल येतच राहिल्या. आठवड्याला दोन, कधी तीन. नाव सहीबाईंना पडद्यावर दिसत असे, पण मनात त्यांनी ऑपरेटरबाई असंच म्हणायला सुरुवात केली. दर वेळी आरंभी तेच, "जोडते आहे." बाकीचे लोक 'सोबत जोडली आहे' म्हणून लिहीत, ऑपरेटरबाई मात्र एक्स्चेंजमध्ये बसल्यासारखं लिहीत, जणू त्या चोराला आणि बँकेला एका तारेवर आणून स्वतः बाजूला होत होत्या. मेल सकाळी नऊच्या आत आलेली असे. आणि शेवटी ता. क.

ता. क. लिफ्ट बंद आहे, चार मजले गुडघ्यांशी बोलत बोलत चढले. ता. क. वरच्या मजल्यावरची मुलगी दुपारी खुर्ची ओढते, तिचा राग यायचा, परवा ती गावाला गेली तर करमेना. ता. क. प्रिय ग्राहक असं लिहिणाऱ्याला माझं नाव ठाऊक नाही म्हणजे तो आपला नाही, बरोबर ना? पण आपणही मला कधी नावानं लिहीत नाही.

हे वाचून सहीबाई खूप वेळ बसल्या होत्या. मग त्यांनी उत्तर क्रमांक एक पाठवलं.

हळूहळू ऑपरेटरबाई पटाईत झाल्या. मेल पाठवतानाच त्या लिहीत, पत्त्यात आकडा घुसवलाय, घाई केलीय, पासवर्ड मागितलाय, म्हणजे खोटी. तरी आपण एकदा सांगा. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारायला माणूस मेल का पाठवतो, हे सहीबाईंना समजत होतं. त्यांनाही दर सकाळी ती मेल शोधायची सवय लागली होती. दीडशे मेलांच्या ढिगात आधी ती एक उघडायची, मग बाकीच्या.

एकदाच त्यांनी मर्यादा ओलांडली. ऑपरेटरबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं एकेक अक्षर वेचून लिहिलं होतं. सहीबाईंनी उत्तर क्रमांक एकच्या खाली लिहिलं, "हाताची काळजी घ्यावी." चार शब्दसुद्धा नाहीत. पण महिनाअखेरीच्या तपासणीत ते सापडलं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं की बँकेनं असं जिव्हाळ्यानं लिहायचं नसतं, कारण जिव्हाळ्यानं चोरच लिहितात. सहीबाईंना ते पटलं. त्यांनी कानाला खडा लावला.

अशी दोन वर्षं गेली.

मग एका सोमवारी मेल आली नाही. गुरुवारीही नाही. सहीबाईंनी स्वतःला समजावलं की लोकांना कामं असतात. दुसऱ्या आठवड्यात त्या रोज आल्या आल्या आधी तेच नाव शोधत.  चौकशी करायचा अधिकार नव्हता. कुणाचा माणूस कुठे पडून असेल याची खबर घेणारं खातं बँकेत नव्हतं. चौदा दिवस झाले, त्यातले चार घरी, खिडकीशी बसून.

पंधराव्या दिवशी, सोमवारी दुपारी, बदलवाला आला. खातेदारांचे पत्ते आणि मोबाइल नंबर बदलून देण्याचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून बदलवाला. हातात एक छापील कागद होता, वर मेल आणि खाली तिच्यासोबत आलेला अर्ज.

"सहीबाई, ही तुमचीच ना? तुम्हाला सारखी लिहिणारी?" त्यानं कागद पुढे ठेवला. "नंबर बदलून मागतेय. अर्जावर सही आहे, पण आता मोबाइल बदलायचा म्हणजे माझी छाती होत नाही. तुम्ही नजर टाका, म्हणजे चारच्या आत करून टाकतो."

सहीबाईंनी आधी कागद छातीशी धरावा तसा जवळ ओढला. जिवंत आहेत, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग सही पाहिली. पहिलं अक्षर मोठं, पुढची एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेली, शेवटी एक लांब फराटा. कुठे हात थांबला नव्हता, कुठे श्वास घेतला नव्हता. बदलवाल्यानं आणलेल्या नमुन्याशी त्यांनी ताडून पाहिली. सही सांडलेली होती. शंभर टक्के.

"खरी आहे," त्या म्हणाल्या. बदलवाला कागद उचलायला वाकला, तेव्हा त्यांनी वरचा मेलचा मजकूर वाचला. महोदय, माझा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक तातडीने बदलण्यात यावा, अर्ज सोबत संलग्न करत आहे.

त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला. संलग्न.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सही खरी आहे. बाई खोटी आहे."

बदलवाल्याला काही उमगलं नाही. सहीबाईंनाही ते नीट सांगता येईना. दोन वर्षांत ज्या बाईनं एकदाही जोडते आहे याखेरीज काही लिहिलं नाही, ती संलग्न लिहील? दुपारी दोन वाजता लिहील? खाली ता. क. नाही? आणि तातडीनं? घाई करणाऱ्याची लाइन तपासणारी बाई तातडीनं म्हणेल? सही काय, ती जुन्या एखाद्या अर्जावरून उचलून इथे चिकटवता येते. त्या बाईंच्या मेलपेटीत असे अर्ज पडलेले असणारच. म्हणजे पेटीत कुणीतरी शिरलं होतं. चौदा दिवस मेल का आली नाही, तेही आता कळलं.

दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की अर्ज अडवायचा तर कारण काय लिहायचं. सही जुळते, मेलचा पत्ता नोंदवलेलाच आहे. नियमाप्रमाणे चारच्या आत बदल करावा लागेल. आणि एकदा नंबर बदलला की पुढचे सगळे गुप्त आकडे चोराच्या मोबाइलवर जाणार, मग त्या बाईच्या खात्यात सकाळपर्यंत काही उरणार नाही, हे साहेबांनाही कळत होतं.

"खातेदारानं स्वतः नाही म्हटलं तर अडवता येईल," साहेब म्हणाले. "घरचा फोन नोंदवलेला आहे. जुना, तारेचा. करा फोन. नियमात बसत नाही, पण करा."

मोबाइल नव्हे, घरचा फोन. सहीबाईंनी साहेबांच्या टेबलावरून नंबर फिरवला. तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"बोला."

आवाज म्हातारा होता, पण काठोकाठ स्वच्छ, घासून ठेवलेल्या भांड्यासारखा.  दोन वर्षं या बाईंना सहीबाईंनी मनात वेगळाच आवाज देऊन ठेवला होता.

"नमस्कार. मी बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतेय. संशयित मेल कक्ष." सोमवार होता. शब्द खरवडत बाहेर आले.

"नाव?"

"नाव आम्हाला सांगता येत नाही."

"हं. काय हवंय?"

"तुमच्या मेलवरून आज एक अर्ज आलाय, मोबाइल नंबर बदलायचा. तो तुम्ही पाठवला का, एवढंच विचारायचंय. हो की नाही, तेवढं सांगा."

"लगेच सांगायला हवं असेल."

"हो. चारच्या आत," सहीबाई बोलून गेल्या, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की आपण काय बोललो.

"आली घाई," ऑपरेटरबाई म्हणाल्या. रागानं नाही, जवळजवळ मायेनं. "बाई, त्या कक्षानं मला लेखी कळवलंय. बँक मेल किंवा फोन करून आपली माहिती कधीही विचारत नाही. एकदा नाही, शंभरदा कळवलंय. मला पाठ आहे ते."

सहीबाईंनी डोळे मिटले. ते कळवणारी मीच, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मीच हे सिद्ध कसं करायचं? हाताच्या प्लास्टरचं विचारावं? बंद लिफ्टचं, वरच्या मुलीच्या खुर्चीचं? या बाईंबद्दल त्यांना जे जे ठाऊक होतं ते सगळं त्या पेटीतून आलं होतं, आणि पेटीची किल्ली आता चोराकडे होती. त्यानंही ते सगळं वाचलं असणार. सहीबाईंपाशी असं एकही वाक्य नव्हतं जे चोरापाशी नाही.

"तुम्ही बरोबर बोलताय," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोन ठेवा आणि तुमचं पासबुक काढा. मागच्या पानावर बँकेचा नंबर आहे. तो मी सांगणार नाही. तुम्हीच बघा, तुम्हीच लावा. पण आत्ता लावा."

"आणि मी ठेवला तरी तुम्ही तिकडून न ठेवता लाइन धरून ठेवलीत, की माझा पुढचा फोन फिरून तुमच्याच हातात. आम्हाला नका शिकवू ते. लावायचाच झाला तर वरच्या मुलीच्या फोनवरून लावीन."

"तसंच करा. तिच्याकडून लावा."



"आवाज चांगला आहे तुमचा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "असली कामं कशाला करता?"

आणि फोन बंद झाला.

साहेब दारात उभे होते. त्यांनी काय झालं असं खुणेनं विचारलं. सहीबाईंनी सांगितलं की त्या विश्वास ठेवत नाहीत. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग फक्त वाट बघणं होतं. पासबुकावरचा फोन दुसऱ्या इमारतीत लागतो, तिथे ओळीनं बसलेल्या मुली तो उचलतात, आणि काय बोलणं झालं त्याची नोंद इथे पडद्यावर येते. सव्वातीनला नोंद नव्हती. साडेतीनला नव्हती. सहीबाई मनातल्या मनात ऑपरेटरबाईंबरोबर एक मजला चढत होत्या. गुडघे, कठडा, मध्येच थांबणं. दारावरची घंटा. मुलगी घरात असेल ना? एवढ्यात बदलवाला दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. त्यालाही आता जेवण गोड लागलं नसतं.

तीन बावन्नला नोंद उमटली. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. "ग्राहकाने अन्य क्रमांकावरून स्वतः फोन केला. अर्ज आपला नसल्याचे सांगितले. खाते गोठवले आहे."

बदलवाल्यानं अर्जावर काट मारली. साहेबांनी खुर्चीत मागे टेकून सहीबाईंना विचारलं की आता वर काय लिहू, तुम्हाला कशावरून कळलं?

"संलग्न लिहिलं होतं," सहीबाई म्हणाल्या.

साहेबांनी जरा विचार करून कागदावर 'भाषेवरून संशय' असं लिहिलं, आणि ते पुरलं.

पुढे शाखेकडून थोडंफार कळत गेलं. ऑपरेटरबाईंना एक मेल आली होती, तुमची मेलपेटी भरली आहे, रिकामी करण्यासाठी पासवर्ड द्या. त्यात बँकेचं नावनिशाण नव्हतं, म्हणून त्यांना शंका आली नाही. पासवर्ड गेला, पेटी हातची गेली, आणि कंप्युटरच बिघडला असं समजून त्या दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसल्या. सहीबाईंना ते फार लागलं. उत्तर क्रमांक एकमध्ये बँकेच्या मेलबद्दल सगळं होतं, बाकीच्या जगाबद्दल अक्षर नव्हतं. त्यांनी साहेबांना सांगून त्यात एक ओळ वाढवून घ्यायचा प्रस्ताव लिहिला. तो वर गेला. वरून काही आलं नाही.

ऑपरेटरबाई स्वतः शाखेत गेल्या, नवी मेल उघडली, खातं पुन्हा चालू झालं. आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी, नव्या पत्त्यावरून, मेल आली.

"आज जोडायला काही नाही. एक विचारायचं आहे. त्या दिवशी दुपारी आपल्या कक्षाचं नाव सांगून एका बाईचा फोन आला होता. मी तिला चोरांतलीच समजले आणि टाकून बोलले. पण मागाहून मनात येतं, ती मला म्हणाली की माझ्यावर विश्वास ठेवू नका, फोन ठेवा. चोर असं कशाला सांगेल? वरच्या मुलीलाही विचारलं, ती म्हणते नक्की बँकेचाच असेल. तो फोन आपलाच होता का?

ता. क. आवाज कित्येक दिवस कुणाशी न बोललेल्या माणसासारखा होता. असे आवाज आम्हाला ओळखू येतात. रात्रपाळीला यायचे, किती वाजले ते विचारायच्या निमित्तानं. आम्ही वेळ सांगायचो आणि लाइन लगेच तोडायचो नाही."

सहीबाईंनी मेल वाचली. उठून पाणी प्यायल्या. परत येऊन पुन्हा वाचली.

त्या दिवशी ती एकच मेल त्यांनी बाजूला ठेवली आणि बाकीच्या उरकल्या. दुपारी साहेब काही कागद द्यायला आले, तेव्हा पडद्यावर तीच होती. साहेबांनी उभ्या उभ्या वाचली आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"दोन नंबर पाठवा की," ते म्हणाले. "आपलाच होता फोन. मी परवानगी दिली होती. त्यांच्याही जिवाला बरं वाटेल."

साहेब गेले. सहीबाईंनी उत्तर क्रमांक दोन उघडलं. सदर संपर्क आमच्याच बँकेचा आहे. नुसतं पाठव म्हणायचं होतं. चारपाच मैलांवर, चौथ्या मजल्यावर, एका बाईला कळलं असतं की तो आवाज खरा होता. कदाचित त्यांनी मग ता. क.मध्ये आणखी काही लिहिलं असतं. कदाचित कधी शाखेत आल्यावर विचारलं असतं, त्या कक्षातल्या बाई कुठे बसतात?

पण चोरानं दोन वर्षांच्या मेल वाचल्या होत्या. त्याला घरचा फोन ठाऊक होता, गुडघे ठाऊक होते, वरची मुलगी ठाऊक होती. आज ना उद्या तो फोन करणारच होता, किंवा एखाद्या बाईला करायला लावणार होता. थकलेल्या, चांगल्या घरच्या आवाजात. तेव्हा ऑपरेटरबाईंना आठवलं असतं की मागे असा एक फोन आला होता आणि तो खरा निघाला. आजवर त्या कुणालाही दार उघडत नव्हत्या म्हणून वाचल्या होत्या. सहीबाईंसाठी ते एकदा उघडलं, की ते पुन्हा तितकं घट्ट लागलं नसतं.

त्यांनी क्रमांक तीनचाही विचार केला. खात्रीने सांगता येत नाही. पण ते म्हणजे दार किलकिलं ठेवणं. त्यात कुणाचंच भलं नव्हतं, फक्त आपल्या मनाची समजूत होती.

साडेपाचला मजला रिकामा व्हायला लागला. बदलवाल्यानं जाता जाता "येतो हं" म्हटलं. सहीबाईंनी उत्तर क्रमांक एक निवडलं. सदर संपर्क आमच्या बँकेकडून करण्यात आलेला नाही. पुढच्या ओळी त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या, आपण दाखवलेल्या सावधगिरीबद्दल आभार इथपर्यंत. मग पाठव दाबलं. मेल गेली. पडद्यावर पुढची आली, प्रिय ग्राहक, आपले कार्ड तात्पुरते थांबवण्यात आले आहे.

फरशी पुसणारी बाई बादली सरकवत जिन्यामागे आली.

"बाई, पाय वर घ्या जरा."

सहीबाईंनी पाय वर घेतले. ओलं फडकं खुर्चीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं, आणि बादलीचा आवाज पुढच्या खोलीकडे गेला. फरशी वाळायला थोडा वेळ लागणार होता. सहीबाई पाय तसेच अधांतरी धरून बसून राहिल्या.